योसेमिटीत कडे कोसळतात ते का, कुठवर, आणि झोपायचं कुठं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

योसेमिटीला, म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या उभ्या कड्यांच्या दरीसाठी प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात, जायचं ठरलं की कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी तिथल्या एल कॅपिटन या कड्याच्या पायथ्याशी उठलेल्या धुळीच्या लोटाचा फोटो टाकतं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. मी भूशास्त्रज्ञ नाही. कड्याखालच्या मुक्कामाआधी घाबरून वाचायला बसलो आणि वाचतच गेलो, त्यातला मी.

तिथं खरंच इतके दगड पडतात का?

पडतात. सरासरी काढली तर आठवड्याला एक तरी घटना नोंदली जाते. बहुतेक छोट्या असतात: खडखडाट होतो, थोडी धूळ उडते आणि पुन्हा शांत. १८५७ पासूनच्या नोंदी गोळा केलेल्या आहेत. जुनी पत्रं, वर्तमानपत्रं, रेंजर लोकांच्या डायऱ्या असं सगळं चाळून ती यादी झाली आणि तिच्यात आज हजाराहून जास्त घटना आहेत.

ही यादी वाचताना एक भान ठेवावं लागतं. दगड पडला आणि कुणी पाहिला तरच तो यादीत येतो. मध्यरात्री, हिवाळ्यात, आडबाजूच्या घळीत पडलेल्याचा साक्षीदार कोण? २०१५च्या जुलैमध्ये हाफ डोम या अर्ध्या घुमटासारख्या डोंगराच्या उभ्या भिंतीवरचा मोठा थोरला पापुद्रा गळून पडला, तोही चढाईच्या प्रसिद्ध मार्गावरचा. पडताना कुणीच पाहिला नाही. नंतर वर गेलेल्यांना ओळखीचा कातळच जागेवर सापडेना! त्यामुळे यादीत जिथल्या जास्त नोंदी दिसतात तिथं जास्त दगड पडतात असंही असेल, किंवा तिथं जास्त माणसं असतात इतकंच असेल.

दरड कोसळते म्हणजे नेमकं काय होतं? चिखल, पाणी वगैरे?

नाही. मराठीत ‘दरड’ म्हटलं की पाऊस, लाल माती आणि त्यात अडकलेली झाडं डोळ्यांपुढे येतात. इथं मामला कोरडा आहे. दरीच्या दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि त्याच्या भाऊबंदांचे उभे कडे आहेत, काही ठिकाणी जवळपास एक किलोमीटर उंच. हा खडक जमिनीखाली खोलवर थंड होऊन घडला. वरचा भार झिजून गेला तसा तो पृष्ठभागाला समांतर तडकत गेला आणि भिंतीवर भिंत लावल्यासारखे पापुद्रे तयार झाले. त्यांतला एखादा सुटतो, खाली आपटून फुटतो आणि त्याचे धोंडे होतात.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ग्रॅनाइटचा एक घनमीटर साधारण २.७ टन भरतो. म्हणजे दोन मीटर लांब, रुंद आणि उंच धोंडा झाला एकवीस-बावीस टनांचा. पायथ्याच्या झाडीत असे धोंडे सहज दिसतात. मुलं त्यांच्यावर चढून फोटो काढतात.

पाऊस नाही, भूकंप नाही, तरी दगड पडला. कसा काय?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. पाणी, बर्फाचं गोठणं-वितळणं आणि भूकंप ही ओळखीची कारणं आहेतच. २६ मार्च १८७२च्या पहाटे पर्वतापलीकडच्या ओवेन्स व्हॅलीत मोठा भूकंप झाला, तेव्हा निसर्गलेखक जॉन म्यूर दरीतच होता. पळून जायचं सोडून तो आनंदानं ओरडत बाहेर आला आणि ईगल रॉक नावाचा सुळका चांदण्यात कोसळताना त्यानं पाहिला. मे १९८० मध्ये मॅमथ लेक्सच्या भूकंपांनीही त्या भागातले असंख्य दगड खाली आणले.

पण नोंदलेल्या घटनांपैकी जवळपास निम्म्यांच्या वेळी यातलं काहीच घडलेलं नसतं. ऐन उन्हाळ्यात, निरभ्र दुपारी दगड सुटतो. यामागे काय असावं हे पाहायला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे ब्रायन कॉलिन्स आणि उद्यानाचे भूशास्त्रज्ञ ग्रेग स्टॉक यांनी एका पापुद्र्यालाच मोजमापाची यंत्रं लावली. पापुद्रा १९ मीटर उंच आणि जाडीला जेमतेम १० सेंटिमीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढी उंच फरशीच म्हणा. वरखाली भिंतीला चिकटलेला, मध्ये फट. साडेतीन वर्षं त्यांनी ती फट मोजली.

ती रोज हलत होती. ऊन चढलं की दगड प्रसरण पावायचा, पण दोन्ही टोकं जखडलेली, मग जाणार कुठं? पोट बाहेर काढायचा. रात्री गार झाला की पुन्हा आत. ही ये-जा काही दिवशी एक सेंटिमीटरपर्यंत भरायची. उन्हाळ्यात फट एकूणच रुंद, हिवाळ्यात अरुंद. आणि दरवर्षी हिशेब तंतोतंत जुळत नव्हता. फट थोडी थोडी वाढतच होती. तार वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसंच हेही. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कडे रोज श्वास घेतात असं कुणी लिहिलं असतं तर मी अलंकारिक म्हणून सोडून दिलं असतं.

‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांत फरक काय? एकच ना?

बोलताना एकच. पण हिशेब करताना ते वेगळे ठेवले नाहीत तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून हे उत्तर जरा सावकाश वाचा.

धोका दगडाचा असतो: अमुक जागी, अमुक काळात, धोंडा येऊन पोचण्याची शक्यता किती. जोखीम आपली असते: तो आला तेव्हा तिथं कोण असेल, किती वेळ असेल आणि डोक्यावर काय असेल. निर्जन घळीत रोज दगड पडत असतील तर धोका प्रचंड आहे, जोखीम जवळपास शून्य. उलट, जिथं शंभर वर्षांत एखादाच धोंडा येतो तिथं दोनशे खाटा मांडल्या तर धोका कमी असूनही जोखीम मोठी.

वेळेचं गणित तर घरबसल्या करता येतं. एकाच जागेवरून एक माणूस दोन मिनिटांत चालत जातो आणि दुसरा तिथं आठ तास झोपतो. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. दुसऱ्याची जोखीम पहिल्याच्या २४० पट, आणि वर तो झोपेत असल्यामुळे पळणारही नाही. दगड तोच, कडाही तोच.

योसेमिटीत गेल्या काही वर्षांत जे बदल झाले ते या एका वाक्यावर उभे आहेत: कडा हलवता येत नाही, खाट हलवता येते.

मग पूर्वी कड्याखाली खाटा मांडल्याच का?

गारवा. उन्हाळ्यात दरी तापते आणि ग्लेशियर पॉइंटच्या कड्याची सावली हवीहवीशी वाटते. करी व्हिलेज हा पर्यटकांच्या मुक्कामाचा तळ १८९९ मध्ये सुरू झाला तो याच सावलीत. मागे मोठमोठे धोंडे, मधून मधून झाडं, जागा छानच. ते धोंडे तिथं आले कुठून, हा प्रश्न बरीच वर्षं कुणाला टोचला नसावा.

७ ऑक्टोबर २००८ ला वरून थोडे दगड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास बराच मोठा लोंढा आला आणि राहत्या तंबू-खोल्यांमध्ये घुसला. शाळेच्या सहलीची मुलं मुक्कामाला होती. किरकोळ दुखापतींवर निभावलं. त्यानंतर त्या भागातल्या दोनशेहून जास्त खोल्या कायमच्या बंद झाल्या आणि ‘दगड नेमके कुठवर येऊ शकतात’ याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तो अहवाल २०१४ मध्ये आला.

दगड कुठवर येईल हे ठरवतात कसं?

आधी जमीन वाचतात. कड्याच्या पायाशी दगडांचा तिरका ढीग असतो. शेवटची हिमनदी साधारण १५,००० वर्षांपूर्वी दरीतून मागे हटली आणि जाताना तळ बऱ्यापैकी झाडून गेली. म्हणजे आज जो ढीग दिसतो तो बहुतांशी त्यानंतर पडलेल्या दगडांचा. काही ठिकाणी तो शंभर मीटरपर्यंत जाड आहे. बहुतेक धोंडे या ढिगातच थांबतात, एकमेकांवर आपटून त्यांची रग जिरते.

पण काही थांबत नाहीत. ढीग ओलांडून सपाट जमिनीवर येतात आणि गवतात, झाडांत एकटेच बसून राहतात. जोखमीच्या अभ्यासात हे एकांडे धोंडे सगळ्यात महत्त्वाचे, कारण इमारती आणि तंबू असतात तेही याच सपाट पट्ट्यात. म्हणून त्यांचा एकेकाचा नकाशा केला.

यातही मेख आहे. दरीतल्या मर्सेड नदीला पूर येतो, गाळ साचतो आणि जुने धोंडे त्याखाली गाडले जातात. काही धोंडे रस्ते आणि इमारती बांधताना माणसांनीच सुरुंग लावून फोडले. त्यामुळे आज दिसतात तेवढेच आले होते असं धरता येत नाही. ती संख्या कमीत कमी समजायची.

याच्या जोडीला संगणकावर दगड सोडतात. विमानातून लेझरनं मोजलेला, म्हणजे लिडारचा, जमिनीचा बारीक नकाशा घ्यायचा, कड्याच्या वेगवेगळ्या भागांतून हजारो काल्पनिक धोंडे गडगडू द्यायचे आणि ते कुठं थांबतात ते पाहायचं. मग संगणकाचे धोंडे आणि जमिनीवरचे खरे धोंडे यांची सांगड घालायची. माझं मत विचाराल तर भरवसा खऱ्यांवर जास्त. ते निदान एकदा तरी खरोखर आलेले आहेत.

एखादा धोंडा कधी पडला, हे दोन हजार वर्षांनी कसं कळतं?

धोंड्याच्या माथ्यावरून. अवकाशातून येणारे किरण खडकातल्या क्वार्ट्झवर (गारगोटीवर) आदळतात आणि त्यातून बेरिलियम-१० नावाचा दुर्मीळ अणू तयार होतो, अतिशय सावकाश. खडक आत दडलेला असेल तर हे घडत नाही, उघडा पडला की घड्याळ सुरू. माथ्याची खपली काढायची, त्यातलं बेरिलियम-१० मोजायचं, की तो किती काळ उघड्यावर आहे याचा अंदाज येतो.

अडचण अशी की धोंड्याची तीच बाजू पडण्याआधी कड्याच्या दर्शनी भागात असेल, तर घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं आणि वय जास्त येतं. म्हणून एकाच धोंड्यावर विसंबत नाहीत.

पडल्याचा काळ आणि संख्या हातात आली की त्या भागात एकांडा धोंडा सरासरी किती वर्षांनी येतो ते काढता येतं. याच पद्धतीनं हेही कळलं की एल कॅपिटनच्या पायाशी पसरलेला एक प्रचंड ढिगारा साधारण ३,६०० वर्षांपूर्वी एका झटक्यात कोसळलेला आहे.

‘५० वर्षांत १० टक्के’ ही रेषा म्हणजे काय? दहा टक्के तर खूप झाले!

नकाशावर एक रेषा आखलेली आहे. तिच्यापलीकडे, म्हणजे दरीच्या मध्याकडे, एखादा धोंडा जाण्याची शक्यता ५० वर्षांत १० टक्के. वर्षाच्या भाषेत साधारण ४७५ त १. भूकंपाला टिकणाऱ्या इमारतींचे नियम करताना हाच मापदंड वापरायची रीत आहे, तीच इथं घेतली.

दोन गैरसमज नेहमी होतात. एक, ‘४७५ वर्षांनी एकदा’ म्हणजे गेल्या वर्षी पडला की पुढची ४७४ वर्षं निवांत. तसं नाही, दरवर्षी चिठ्ठ्या नव्यानं टाकल्या जातात. दोन, हे दहा टक्के तुमच्या खोलीवर दगड पडण्याचे आहेत असं वाटतं. ते रेषेच्या त्या संपूर्ण पट्ट्यात कुठंतरी एक धोंडा पलीकडे जाण्याचे आहेत. तुमची खोली त्या पट्ट्याचा छोटासा तुकडा, आणि तुम्ही तिथं फक्त दोन रात्री.

रेषेच्या बाहेर असलो की शंभर टक्के सुरक्षित?

नाही.

रेषा नेहमीच्या पडझडीसाठी आहे. अतिप्रचंड कडा कोसळला, किंवा आपटून उडालेल्या कपच्या लांब फेकल्या गेल्या, तर त्या रेषा पाहून थांबत नाहीत. १० जुलै १९९६ च्या संध्याकाळी दरीतल्या हॅपी आइल्स या जागेजवळ जे झालं ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ग्लेशियर पॉइंटच्या बाजूच्या कड्यावरून सुटलेले दोन प्रचंड तुकडे आधी उतारावर घसरले आणि मग सुमारे ५०० मीटर हवेतून थेट खाली आले. ते आदळताच दबलेली हवा स्फोटासारखी बाहेर पडली. तिचा वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटर. हजारेक झाडं आडवी झाली, तीही दगड न लागता. एकाचा जीव गेला, काही जण गंभीर जखमी झाले. धुळीनं इतका अंधार झाला की हातातलं दिसेना.

रेषेच्या आतल्या इमारतींचं काय झालं?

काही पाडल्या, काही हलवल्या, काहींचा वापर बदलला. वापर बदलणं हा मला फार शहाणपणाचा मार्ग वाटतो: जिथं माणसं झोपायची तिथं सामान ठेवायचं. गोदामावर धोंडा पडला तर पैसे जातात, बस. या बदलांमुळे दरीतल्या इमारतींशी निगडित एकूण जोखीम सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाली असं अहवाल सांगतो. कड्यावरचा एकही दगड न हलवता!

मग पायवाटा आणि रस्ते रेषेच्या आत कसे चालतात?

वरचं २४० पटीचं गणित आठवा. चालणारा पुढे सरकत असतो. तरी जोखीम शून्य नाही. १६ नोव्हेंबर १९८० ला योसेमिटी फॉल्सच्या वाटेवर दगड आले आणि तिघे गेले. म्हणून अशा वाटेवर ‘इथं थांबू नका’ असा फलक दिसला तर तिथं डबा उघडू नका. बहुतेक लोक नेमके तिथंच बसतात, कारण सावली असते.

१८५७ पासून आजवर दगड पडून गेलेल्यांची संख्या वीसच्या आत आहे आणि आता उद्यानात वर्षाला साधारण चाळीस लाख लोक येतात. बुडून आणि गाडीच्या अपघातात जाणारे कितीतरी जास्त. धबधब्याच्या वरच्या बाजूला ओल्या कातळावर पाय टाकणाऱ्यानं दगडांची काळजी करणं म्हणजे विनोदच.

जाळ्या लावा, बोल्ट मारा. अमेरिकेला काय अशक्य आहे?

एल कॅपिटनच एकटा सुमारे ९०० मीटर उंच आहे. असे कडे दरीच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल. शिवाय कुठला पापुद्रा आधी सुटणार हे माहीत नाही, तर बोल्ट मारायचा कुठं? आणि हे राष्ट्रीय उद्यान आहे. ज्या पडझडीनं ही दरी घडवली तीच बांधून ठेवायची, हे तिथल्या धोरणात बसत नाही. मलाही पटत नाही.

आधी कळतं का?

दिवस आणि वेळ सांगता येईल असं नाही. कधीकधी मात्र कडा खुणा देतो. २०२३ मध्ये रॉयल आर्चेस नावाच्या कड्याजवळ एका सुळक्यामागची भेग रुंदावलेली आढळली, तडकण्याचे आवाज येत होते, तेव्हा खालचा भाग बंद केला गेला. लिडार आणि अतिसूक्ष्म फोटो वेळोवेळी घेऊन जुन्या-नव्यांची तुलनाही होते.

एक अनुभवाचा नियम मात्र पक्का धरा: एक पडला की त्याच जागेहून आणखी पडू शकतात. २००८ मध्ये ७ नंतर ८ तारीख आली. २०१७ मध्ये २७ सप्टेंबरला एल कॅपिटनवरून दगड पडून एक गिर्यारोहक गेला, आणि दुसऱ्याच दिवशी आदल्या दिवसापेक्षा मोठा भाग कोसळून गाडीतला एक जण जखमी झाला. आदल्या दिवशीची धूळ बसली म्हणून पाहायला जवळ जाणं हा शुद्ध वेडेपणा.

आपण उभे आहोत ती जागा कशी ओळखायची?

वर पाहा. जुना कडा करडा, काळपट, शेवाळाचे डाग पडलेला असतो. मध्येच फिकट, जवळजवळ पांढरा, धारदार किनारींचा डाग दिसला तर तिथून अलीकडे काहीतरी सुटलं आहे. मग खाली पाहा. धोंड्यावर शेवाळ आणि दगडफूल दाट असेल, कोपऱ्यांत पालापाचोळा कुजून माती झाली असेल, तर तो जुना रहिवासी. कोपरे धारदार, पृष्ठभाग स्वच्छ, आजूबाजूच्या पानांवर पिठासारखी धूळ, झाडांच्या बुंध्यांवर एकाच बाजूनं सोललेल्या साली: हा पाहुणा ताजा आहे. निघा.

दगड पडताना दिसला किंवा आवाज आला तर?

मोबाइल काढू नका. ३०० मीटरवरून सुटलेला दगड हवेतून थेट आला तर साधारण आठ सेकंदांत खाली पोचतो. त्यातला एक सेकंद आवाज तुमच्यापर्यंत यायलाच जातो.

मोकळ्या मैदानात असाल तर कड्यापासून लांब, दरीच्या मध्याकडे पळा. ऐन पायथ्याशी असाल तर पळून ते अंतर कापता येणार नाही. जवळचा सगळ्यात मोठा धोंडा गाठा आणि त्याच्या आडोशाला, कड्याच्या विरुद्ध बाजूला, अंग चोरून बसा. दगड थांबले की लगेच तिथून निघा. हरवलेली टोपी शोधायला परत जाऊ नका.

पडलेला दगड पाहिला, पण कुणाला लागलं नाही. तरी कळवायचं का?

जरूर. जवळच्या रेंजरला किंवा माहिती केंद्रात सांगा: तारीख, शक्य तितकी नेमकी वेळ, तुम्ही कुठं उभे होता, कड्याचा कुठला भाग, आवाज किती वेळ चालला, धूळ किती वर आली. लांबून काढलेला फोटो असेल तर दाखवा. ‘फारच छोटा होता’ म्हणून सोडू नका. १८५७ पासूनची ती यादी अशाच सांगण्यातून वाढत आली आहे.